उलटा नव्हे, डावखुरा!

मी एक जुना खिशातला चाकू आहे, मित्रांनो. पण थांबा, नुसता 'चाकू' म्हणून पुढे जाऊ नका! माझ्या पोटात मोठं पातं आहे, छोटं पातं आहे, कात्री आहे, डबा उघडायची चोच आहे, पेचकस आहे, कानस आहे आणि पाठीवर बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू आहे. एवढा संसार मिटला की मी तुमच्या मुठीत मावतो. आणि आज, सांगतो तर ऐका, मी मरता मरता वाचलो!

आधी आमच्या घराण्याविषयी सांगायला हवं. आमचे पणजोबा म्हणजे एक पातं आणि एक लाकडी मूठ, बस्स. पुढे लोक घोड्यावरून हिंडू लागले तेव्हा नालेत अडकलेला खडा काढायला कुणाच्या तरी पोटात आकडा आला. घोडे गेले, आकडाही गेला. डबाबंद अन्न आलं तशी चोच आली, घरोघरी रेडिओ आले तसा बारीक पेचकस आला. माणसांचं कुठे कुठे अडत होतं, हे आमचं पोट उघडलं की लगेच कळतं.

माझी आखणी एका ताईनं केली. कारखान्यात तिला सगळे 'डावरी' म्हणूनच हाक मारायचे, कारण तिची पेन्सिल डाव्या हातात असायची. जगातला प्रत्येक चाकू उजव्या हातासाठी! पात्यावरची नखाची खाच उजव्या अंगठ्याला सोयीची, कात्रीसुद्धा तशीच. "डावखुऱ्यांनी काय दातांनी उघडायचं?" असं म्हणून तिनं माझ्या सगळ्या पात्यांच्या खाचा दुसऱ्या बाजूला घेतल्या, कात्रीची धारही उलट बाजूनं लावायला सांगितली. पिळाचा स्क्रू मात्र नेहमीचाच, कारण तो बाहेरून तयार यायचा. मोठ्या साहेबांनी नमुना पाहिला, "वा, सुबक आहे!" म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिला. एकदा तरी उघडून बघायचा ना!

डबीवर 'डावखुऱ्यांसाठी' असं छापायचंही कुणाला सुचलं नाही. मग व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकांची नखं तुटली. "हा कसला उलटा चाकू?" म्हणत लोकांनी आम्हाला दुकानात परत आणून आदळलं. आमचं मॉडेल वर्षाच्या आतच बंद पडलं. त्यात भर म्हणजे, माहितीपत्रक छापणाऱ्या भल्या माणसाला वाटलं की माझा फोटो चुकून उलटा लागलाय. त्यानं आपल्या शहाणपणानं तो डावा-उजवा पालटून 'सरळ' छापला. म्हणजे जगात जे मॉडेल कधी झालंच नाही, त्याचं चित्र तेवढं राहिलं!

मी पुढे एका नळदुरुस्तीवाल्याच्या पेटीच्या तळाशी पडून होतो. तो मला वर्षातून एकदा बाहेर काढायचा आणि शिव्या घालून परत टाकायचा. वाईट वाटायचं हो. गंज चढला तरी एक वेळ सोसवतो, पण 'बिनकामाचा' हा शब्द सोसवत नाही.

आणि मग घड्याळकाका आला! त्यानं जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि आता फक्त बंद पडलेल्या मॉडेलचे चाकू जमवतो. चालू मालाकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याच्या काचेच्या कपाटात एक जागा वर्षानुवर्षं रिकामी होती, आणि तिथे माझं ते छापील चित्र चिकटवलेलं होतं. आज सकाळी जुन्या बाजारात, नळवाल्यानं विकलेल्या भंगारातून त्यानं मला उचललं आणि घासाघीस न करता पैसे मोजले. माझी तर मूठभर छाती फुगली! मला वाटलं, पांग फिटले.

घरी आल्यावर त्यानं मला चित्राशेजारी ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अरेरे, कुणीतरी वाट लावलीय याची!" तो ओरडला. "खोलून उलटा जोडलाय. थांब, पाती धरून ठेवणारी सगळी रिव्हेटं काढून याला सरळच करतो."

मित्रांनो, माझ्या पोलादाचं पाणी पाणी झालं. त्यानं मला टेबलावरच्या पकडीत आवळलं. ड्रिल घुंऽऽ करून फिरू लागलं. ज्याला तो इतकी वर्षं शोधत होता, त्यालाच तो आपल्या हातानं मारायला निघाला होता, आणि मला तोंड नाही!

तेवढ्यात काकू आली. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान आहे. तिच्या एप्रनचा दोरा लोंबत होता.

"ते घुंघुं बंद करा आधी, गिऱ्हाईक दचकतंय. आणि काहीतरी द्या हो, दोरा कापायचाय."

काका कुरकुरत ड्रिल थांबवेपर्यंत तिनं मला पकडीतून सोडवलंही. डाव्या हातानं! खट्, कात्री उघडली. कच्, दोरा तुटला. काकू जागच्या जागी थांबली.

"अहो! ही डाव्या हाताची कात्री आहे."

"तेच तर म्हणतोय, कुणीतरी उलटी बसवलीय."

"उलटी बसवून धार उलटी लागते का? शाळेत मी डाव्या हातावर छड्या खाल्ल्यात. डावी कात्री मला डोळे मिटूनसुद्धा ओळखू येईल."

"मग हे चित्र?"

तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुदकन हसली. "जन्मभर लोकांचे भांग आरशात बघतेय मी. हे चित्र आरशातलं आहे."

काकानं झडप घालून भिंग उचललं. चित्रातल्या स्क्रूचे आटे उलटे, माझे मात्र नेहमीचेच! जन्मभर स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला ते एकदाही दिसलं नव्हतं. "अगं बाई गं!" म्हणून त्यानं असा नाच केला की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक ओल्या केसांनिशी आत डोकावलं. काकूनं माझं एकेक पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नख कुठेही अडलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. "कुणीतरी माझ्या हाताचा विचार केला होता," ती म्हणाली. ताई, तू हे ऐकायला हवं होतंस!

काकानं लगेच आपल्या जुन्या मित्राला फोन लावला. तोही असेच चाकू जमवतो. काका नुसता धबधब्यासारखा बोलत सुटला: डावखुरा, आरसा, आटे!

मग मित्र हळूच म्हणाला, "माझ्याकडेही होता रे तसा एक. मागच्या वर्षी मी तो सरळ करून घेतला."

काका खाली बसला. ड्रिलची वायर त्यानं भिंतीतून उपटून काढली.

तो माझा भाऊ होता, मित्रांनो. किती प्रेमानं संपवला असेल त्याला! म्हणून हात जोडून नाही, पण सगळी पाती मिटून सांगतो. एखादी वस्तू तुमच्या हातात नीट बसली नाही, तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन बघा. आणि दुरुस्त करायला घेण्याआधी, ती बिघडलीय का, एवढं तरी विचारा. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही हो.