गोल म्हणजे चूक

कारखान्यात तिला सगळे गोलबाई म्हणायचे. अंगाने बाई काडीसारखी, तेव्हा नावाचा अंगाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो तिच्या हातातल्या निळ्या खडूशी. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर, काजं, बाह्या, खिसा, सगळं सात-आठ सेकंदांत नजरेखालून घालायचं आणि कुठे टाका सुटलेला दिसला, डाग दिसला, की त्याभोवती खडूने गोल काढून शर्ट डावीकडच्या पेटीत टाकायचा. शर्ट चांगला असेल तर काहीच करायचं नाही. उजवीकडे सरकवायचा, बस्स! एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि तिच्या हाताला आता डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती.

त्या खोलीच्या खिडक्यांच्या काचा आतून पांढऱ्या रंगाने रंगवल्या होत्या. बायकांची नजर बाहेर जायला नको, म्हणून. दिवस उगवला काय नि मावळला काय, आत ट्यूबलाइटचा एकच उजेड. शेजारच्या टेबलावर दोरे कापायला बसायची ती तिची थोरली मुलगी. सगळ्यांची ताई. सतरा वर्षांची पोरगी, पण पाठीत अशी वाकली होती की मागून बघणाऱ्याला दोघींतली आई कुठली ते कळायचं नाही. गोलबाईला ते दिसायचं. दिवसातून शंभरदा दिसायचं, आणि दर वेळी ती मान खाली घालून पुढचा शर्ट ओढायची.

ताईच्या वेळी गाडी चुकली होती. गावात एक सरकारी शाळा होती, प्रवेशपरीक्षा घेऊन पोरं निवडणारी. एकदा आत गेलं की पुस्तकं, कपडे, पुढचं शिक्षण, सगळं सरकारचं. पण परीक्षेला बसायचं ते अकराव्या वर्षी, आणि तेही एकदाच. गोलबाईला हे कळलं तेव्हा ताईला बारावं लागून दोन महिने झाले होते. त्या दिवशी तिने मनाशी गाठ मारली, की धाकटी काही झालं तरी या खोलीत येणार नाही.

धाकटीचं नाव बटण. तीन वर्षांची असताना तिने शर्टाचं बटण गिळलं होतं. बटण दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा आणि झोपून जायचा. त्यामुळे अभ्यासाचं सगळं गोलबाईच्या गळ्यात. तिचं स्वतःचं शिक्षण सहावीपर्यंत. पण सराव-पुस्तकाच्या मागे उत्तरं दिलेली असतात, ती ताडून बघायला सहावी पुरते. कामावरून आलं की हातपाय धुवायचे, कारखान्यातून आणलेला खडूचा तुकडा घ्यायचा आणि बटणची वही तपासायला बसायचं. चुकलेल्या उत्तराभोवती गोल. बटण ते गणित शेजारी पुन्हा सोडवायची. दोन वर्षं, रोज.

“आई, आमच्या शाळेतल्या बाई बरोबर असलं की खूण करतात. तू का नाही करत?” बटणने एकदा विचारलं होतं.

“बरोबर आहे ते दिसतंय की! त्याला कशाला हात लावायचा?” असं म्हणून गोलबाईने पान उलटलं.

पहिली सराव-चाचणी देऊन आली तेव्हा बटण हसत सुटली होती. “आई, गंमत बघ. तिथे बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा असतो. आपल्या उलटंच की!”

“त्यांचं त्यांच्यापाशी,” गोलबाई म्हणाली. पोरीने ते बरोब्बर ध्यानात ठेवलं. आई मात्र बोलली आणि विसरून गेली.

बटण पास झाली. नुसती पास नाही, चाळीस जागांत सातवी! पत्र आलं तेव्हा ताईने तिला उचलून गरागरा फिरवलं आणि मग तोंड धुवायचं निमित्त करून मोरीत जाऊन रडली. पत्रासोबत एक चिठ्ठी होती, पालकाने भरून पाठवायची. बटण म्हणाली, “दे, मी भरते.” पण गोलबाईने ती हिसकावूनच घेतली. एवढं सगळं पोरीने केलं, शेवटचं एक तरी आपल्या हातून व्हावं, असं तिला फार वाटत होतं. तीन दिवस ती चिठ्ठी तिने ॲप्रनच्या खिशात जपली. भरायची म्हटली की पुन्हा घडी घालून ठेवायची. कुठे खाडाखोड झाली तर?

चौथा दिवस शेवटचा होता. आणि नेमका त्याच दिवशी माल जायचा होता. त्यांचा सुपरवायझर उठता-बसता ‘लवकर, लवकर’ करायचा, म्हणून बायका त्याला लवकरसाहेब म्हणायच्या. त्या दिवशी तर त्याच्या अंगातच आलं होतं. डब्याच्या सुट्टीतली वीस मिनिटं त्याने दहावर आणली. गोलबाईने डबा उघडलाच नाही. टेबलावरचे शर्ट कोपराने बाजूला सारले, चिठ्ठी पसरली, त्याच्याकडूनच पेन मागितलं. सकाळपासून साडेचारशे शर्ट तिच्या हाताखालून गेले होते. पोरीचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं, सही केली. खाली छापलं होतं, ‘जागा स्वीकारली / जागा नाकारली. योग्य पर्यायावर खूण करावी.’

“झालं का बाई? लवकर, लवकर!”

तिची नजर ‘नाकारली’वर गेली. हे आपल्याला नको. आणि नको असलेलं दिसलं की हात जे करतो तेच त्याने केलं. सुबक, पूर्ण, कुठेही न तुटलेला गोल काढला. ‘स्वीकारली’ हा शब्द तिने चांगल्या शर्टासारखा कोरा सोडला. पाकीट चिकटवलं, संध्याकाळी शाळेच्या फाटकावरच्या पेटीत स्वतः टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज ऐकूनच ती तिथून हलली.

“दाखवायचं तरी होतंस मला,” बटण म्हणाली.

“एवढं कळतं हो मला,” गोलबाई म्हणाली.

पुढचा महिना त्या घरात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. ताईने राखाडी गणवेश शिवला, शिवण अशी की गोलबाईलाही खोट सापडेना. शाळेच्या पहिल्या दिवशी लवकरसाहेबाच्या हातापाया पडून गोलबाईने अर्धा दिवस मागून घेतला आणि मायलेकी साडेसातलाच फाटकावर हजर झाल्या.

यादी भिंतीवर लावली होती. चाळीस नावं. बटणने वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग आईकडे बघितलं.

कचेरीतला कारकून तसा भला माणूस होता. फाईल काढली, पानं चाळली, आणि चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, तुम्हीच तर जागा नाकारलीत. आम्हाला वाटलं, दुसरीकडे कुठे मिळाली असेल. खरं सांगू, इतक्या वर्षांत इथली जागा नाकारणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”

“मी? मी कशाला नाकारू? वेड लागलंय का मला?”

त्याने चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. गोलबाईने बघितली. “बरोबर आहे की. नाकारलीवर गोल केलाय ना? मग?”

कारकुनाने चिठ्ठी पुन्हा वाचून बघितली. बटणच्या मात्र क्षणात लक्षात आलं. तिने आईचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, “आई, इथे गोल म्हणजे बरोबर.”

गोलबाई मटकन खाली बसली आणि मग जी रडायला लागली, की शेजारच्या खोलीतून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकाच, बाहेर आल्या. पिकल्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की असल्या कहाण्या त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. काहींच्या घरी मन फिरतं, मग पुन्हा फिरतं, आणि मग चूक झाली म्हणून सांगत येतात.

“खरंच आमच्या घरी गोल म्हणजे चूक,” बटण म्हणाली. “मी वह्या आणून दाखवते.” आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत पळालीसुद्धा. पाऊण तासाने परत आली ती घामाघूम होऊन, छातीशी सात वह्या घेऊन.

मोठ्या बाईंनी पहिली वही उघडली. पानापानावर निळे गोल. दुसरीतही गोल. काही पुसट, काही ठसठशीत, पण एकूण एक चुकीच्या उत्तराभोवती. तिसरीत कमी झाले. चौथीत पानाआड एखादा. बाईंनी सातवी वही चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली. “हिच्यात तर एकही नाही. ही तपासली नाहीत?”

“तपासली की,” गोलबाई डोळे पुसत म्हणाली. “रोज तपासली. सगळं बरोबर होतं.”

“मग बरोबरची खूण?”

“बरोबर असलं की काही करत नाही मी. पान उलटते.”

मोठ्या बाईंनी बटणकडे बघितलं. “म्हणजे तुझ्या आईने तुला कधी बरोबर म्हणून खूण दिलीच नाही?”

“तसं नाही,” बटण आईची बाजू घेत घाईघाईने म्हणाली. “काहीच नसलं की मला कळायचं. मी बघत बसायचे, आई आता गोल करते का, आता करते का. नाही केला की झालं.”

गोलबाईने हे पहिल्यांदाच ऐकलं. दोन वर्षं पोरगी समोर बसून आपल्या हाताकडे बघायची, हे तिला माहीत होतं. कशाची वाट बघायची ते माहीत नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या बाईंनी वही मिटली. “माझा विश्वास बसला,” त्या म्हणाल्या. “पण जागा तीन आठवड्यांपूर्वी पुढच्या मुलीला दिली. ती आत्ता वर्गात बसली आहे. तिला मी कुठल्या तोंडाने उठवू? तिची काय चूक?” त्यांनी फाईल पुढे ओढली. “एकच करता येतं. प्रतीक्षा यादीत पहिला नंबर. पंधरा दिवसांत कुणी जागा सोडली, तर ती हिची.”

“कुणी सोडतं का हो?” गोलबाईने कारकुनाला विचारलं.

त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. त्याने नुसता अर्ज पुढे केला.

अर्ज घेऊन मायलेकी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. समोर वर्गाचं दार, दाराला स्वच्छ काच. आतली पोरं, फळा, पलीकडची खिडकी आणि तिच्यातून दिसणारं झाड, सगळं आरपार दिसत होतं. गोलबाईने तिकडे पाठ केली. अर्जावर छापलं होतं, ‘नाव यादीत ठेवावे / ठेवू नये. योग्य पर्यायावर खूण करावी.’

“तूच भर बाई. माझ्या हाताला आग लागो!”

“सही तुझी आहे, तर खूण पण तूच करायची,” बटण म्हणाली. तिने आईच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. “आधी थोडंसं खाली ये. आता वर जा. लांब जा. वळू नको. आई, वळू नको!”

‘ठेवावे’वर एक वाकडीतिकडी, भेदरलेली खूण उमटली. एकोणीस वर्षांत गोलबाईने कशाला बरोबर म्हणून खूण केली नव्हती. ताईला तर नाहीच नाही, हे तिला तेव्हा आठवलं.

अर्ज देऊन झाला. साडेदहा वाजले होते. बारापर्यंत कारखान्यात पोचायचं होतं, लवकरसाहेब दारातच उभा असणार होता. इथून उठलं की कुठे जायचं ते तिला ठाऊक होतं, आणि पोरीचंही पुढेमागे तिथेच ठरलेलं होतं, त्या रंगवलेल्या काचांच्या आड. तिचे पाय उठेनात.

बटणने सातवी वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली. “बस, बारा वाजायला वेळ आहे,” ती म्हणाली. “आता इथे कर.”

गोलबाईने पहिल्या गणितावर खूण केली. मग दुसऱ्यावर. घंटा झाली आणि कुणीतरी आतून वर्गाचं दार लावून घेतलं. ती एकेक पान उलटत राहिली. मध्येच हात सवयीने वळायला लागला की बटण तिचं मनगट धरून म्हणायची, “नाही आई, हे पण बरोबर आहे.”