माझा डावा पंख

मी एक क्षेपणास्त्र आहे. विमानाखालून सुटायचं आणि मग स्वतःच्या पंखांवर, स्वतःच्या इंजिनावर शेकडो किलोमीटर उडत जायचं, हे माझं काम. चाचणीसाठी बनवलेल्यांपैकी मी चौथा. आता एका कुलूपबंद खोलीत भंगार होऊन पडलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझे पंख घडी घालून अंगाशी बसवले ते फिटरकाकांनी. तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेला माणूस. स्क्रू आवळताना ते मला म्हणायचे, "बाबा रे, नीट उघड हं. आमची अब्रू तुझ्या हातात." पंखांचं डिझाइन मॅडमचं. सगळं खातं त्यांना मॅडम म्हणे, काका मात्र 'पोरी' म्हणत.

विमान उडतं त्या उंचीवर कडाक्याची थंडी. म्हणून मला गोठवून अकरा वेळा पंख उघडून पाहिले. दहा वेळा ते फटकन उघडले. एकदा डावा रेंगाळला.

"पोरी, याला पाठवू नकोस," काका म्हणाले.

तेवढ्यात खात्याचे मोठे साहेब आले. "दहा वेळा उघडला ना? मग झालं तर! मंत्री येतायत, तारीख ठरलीय. आधीच्या तिघांनी आपलं नाक कापलंय ते पुरे."

मॅडमनी चाचणीच्या परवानगीचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली.

ठरल्या दिवशी सकाळी विमानाने मला सोडलं. उजवा पंख उघडला, डावा अडकला. मी कलंडलो, गिरक्या खात भरकटलो. डावा उघडला तोवर दिशा पार चुकली होती. इंजिन मात्र इमानेइतबारे चालू. माझ्यात स्फोटकं नव्हती, पण नुसतं वजनच टनभर. दूर एका माळावर एक माणूस विहिरीवरचा पंप दुरुस्त करत होता. मी त्याच्यावर कोसळलो.

माझे तुकडे गोळा करायला मॅडमही आल्या. त्या माणसाची बायको तिथेच बसली होती.

"हे कोणासाठी होतं?" तिने विचारलं.

"शत्रूसाठी," एक शिपाई म्हणाला.

"मग आमच्याकडे कसं आलं?"

मॅडम तिच्याजवळ मातीत बसल्या. त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं, वय विचारलं.

चौकशीत साहेबांनी वाऱ्यावर खापर फोडलं. मॅडम उठल्या. "वारा नव्हता. पंख अडकतो हे मला माहीत होतं. सही माझी आहे." त्यांची नोकरी गेली. साहेबांना बढती मिळाली.

पण मॅडमच्या बोलण्यामुळे माझा डावा पंख तपासला गेला, दोष सापडला, दुरुस्त झाला. त्यानंतरच्या माझ्या एकाही भावंडाचा पंख अडकला नाही. गेल्या महिन्यात लढाई पेटली आणि त्यातली सहा सुटली. सहाही नेमकी लागली. शेडमध्ये पेढे वाटले. काकांनी हात पुढे केला नाही. "तिथे कोण होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.

वाचकहो, मला खुशाल वितळवा, माझी तक्रार नाही. मी चुकलो, एक माणूस मेला, आणि त्याचं नाव विचारायला कोणीतरी मातीत बसलं. माझी भावंडं चुकत नाहीत. ती जिथे पडतात तिथे नावं विचारायला कोणीच जात नाही.