शिवणीतली माया

कॉलेजात शिकवायला लागून मला जेमतेम महिना झाला होता आणि पहिल्या वर्षाला 'लेखन' हा नवा विषय माझ्या गळ्यात पडला. पंधरा आठवड्यांचा आराखडा मी एकटीने केला. परिच्छेद, विरामचिन्हं, सारांश, पत्र असं करत प्रत्येक तासाचं मिनिटन् मिनिट भरलं; मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वर्गात शांतता झाली आणि कुणी मला न येणारं विचारलं तर?

तो भलामोठा तक्ता पसरायला माझं टेबल पुरेना, म्हणून आत्याच्या दुकानात गेले. आत्या शिवणकाम करते. कापड बेतायच्या टेबलावर तिने तक्ता पसरू दिला आणि चारी कडांनी नीट तपासला.

"छान बेतलंयस. पण माया कुठंय?"

"कसली माया?"

तिने हातातला लहान मुलीचा झगा उलटा केला. शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं कापड दुमडलेलं होतं. शिवणारे त्यालाच माया म्हणतात, हे एवढं शिकूनही माझ्या गावी नव्हतं.

"अंगाबरोबर कापलं की श्वास घेता येत नाही बाई. शिवाय माणूस वाढतं. तेव्हा कापड कुठून आणशील?"

मी बघतच राहिले. बाहेरून कुणाला दिसत नाही, कुणी वाखाणत नाही, अशी जागा ही बाई चाळीस वर्षं लोकांसाठी सोडत आली होती. माझा ऊर भरून आला. तिथेच बसून मी दर तासातली वीस मिनिटं खोडली.

"ही रिकामी घरं कसली?" कॉलेजात तक्ता बघून विभागप्रमुखांनी विचारलं.

"तेव्हा मुलं लिहितील, सर."

"काय लिहितील?"

"ते मला माहीत नाही."

"पहिल्या तासाला मी मागे बसतो. पोरं माशा मारताना दिसली, तर विषय मी काढून घेतला म्हणून समजा."

त्या तासाला मी जेवढं बोलायचं तेवढं बोलले, "आता लिहा" म्हणाले आणि गप्प झाले. पाच मिनिटं कुणी पंख्याकडे बघतंय, कुणी माझ्याकडे. विरामचिन्हं अगदी जिभेवर आली होती, ती गिळली. मग खिडकीशी बसलेल्या मुलीने पेनाचं टोपण काढलं. तिच्या मागे आणखी कुणी. बघता बघता साठ माना खाली गेल्या आणि कागदावर पेनं फिरल्याचा आवाज खोलीभर झाला. यातलं एकही वाक्य तासाभरापूर्वी जगात नव्हतं. मी फक्त हात जोडायचे बाकी ठेवले.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. भीत भीत मागच्या बाकाकडे पाहिलं, तर विभागप्रमुखांनी शेजारच्या मुलीकडून कागद मागून घेतला होता, आणि तोही भरत आला होता.

"सर, तास संपला."

"थांबा हो जरा," मान वर न करता ते म्हणाले. "आत्ता कुठे आईपर्यंत पोचलोय."