काढून ठेवलेले शब्द

मी शब्दांची पेटी बोलतेय. बोलतेय ती मराठीत, कारण माझ्या पोटात जे इंग्रजी शब्द आहेत त्यांचा मला आता भरवसा उरलेला नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंसाठी मी जन्माला आले. बाईंचा भाऊ हौशी सुतार होता. हौशी म्हणजे माझा एक कोपरा अजूनही काटकोनात नाही. त्याने मला चार कप्पे केले आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या कापल्या. बाईंनी प्रत्येक पट्टीवर एकेक शब्द लिहिला. सर्वनामं लाल, क्रियापदं निळी, नामं पिवळी आणि 'इन', 'ऑन', 'टू', 'अंडर' अशी चिल्लीपिल्ली हिरवी.

बाई सांगत, "आपलं क्रियापद सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसतं. इंग्रजीतलं तसं नाही. ते कर्त्याच्या मागोमाग घुसतं आणि पाट पकडतं. आपलं 'खाली' टेबलाच्या शेपटीला लटकतं, त्यांचं 'अंडर' टेबलाच्या पुढे भालदारासारखं चालतं." मग लाल पट्टीवरचा 'यू' दाखवून म्हणत, "हा शब्द सगळ्यात गुणी. मालकालाही 'यू' आणि मोलकरणीलाही 'यू'. ही भाषा गरिबाला बरी."

बाई फार चांगल्या होत्या, म्हणजे जरा भोळ्या होत्या.

त्यांचा एक रिवाज होता. शिकवणी संपली की शेवटच्या दिवशी प्रत्येकीने स्वतःच्या मनाने, 'आय'पासून एक वाक्य लावायचं. एका सुनेने लावलं, 'आय स्लीप ऑन संडे.' रविवारी मी झोपते. शेजारी सासू बसलेली. तिने विचारलं, "काय म्हणतेय ही?"

बाई म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे."

बाई गेल्या आणि मी त्यांच्या पुतण्याकडे आले. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्याचा वर्ग होता. खालून वाफ येते म्हणून खिडक्या कायम बंद. परदेशात घरकामाला जाणाऱ्या बायकांना तो तयार करायचा आणि पाठवायचा. सगळ्या त्याला सर म्हणत. शिकवण्याशी त्याचा संबंध तेवढाच.

आल्या दिवशीच त्याने मला पालथं केलं आणि पट्ट्या निवडायला बसला. 'नो' काढला. 'नॉट' काढला. 'व्हाय', 'वॉन्ट', 'माय', 'सिक', 'स्लीप', 'होम' काढले. सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा वरच्या फळीवर ठेवला. त्याची बायको चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "अहो, 'नो' कशाला काढता? लागेल की त्यांना."

"लागेल म्हणूनच काढतोय."

मग त्याने एक नवी पिवळी पट्टी माझ्यात घातली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पासपोर्ट'.

त्यानंतर त्या खोलीत रोज घोकंपट्टी चालायची. 'आय वॉश द प्लेट्स.' मी ताटं धुते. 'आय स्टँड बिहाइंड द डोअर.' मी दाराआड उभी राहते. 'आय गिव्ह द पासपोर्ट टू मॅडम.' पासपोर्ट मी मॅडमकडे देते. बायका सुरात म्हणत. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'आय' असायचा, पण त्या 'मी'ला कधी काही हवं नसायचं, तिचं काही दुखत नसायचं आणि तिला घरही नसायचं. माणसांना सुराची गंमत वाटते. सूर लागला की अर्थाकडे बघायचं राहून जातं.

त्या बायकांत एक शिंपीण होती. नवरा वारलेला. शाळकरी मुलगी जावेकडे ठेवून ती निघाली होती, शिवणयंत्रही विकून मोकळी झाली होती. तिला माझ्या पट्ट्या बोटांनी चाचपून पाहायची सवय होती, कापडाचा पोत पाहावा तशी. एकदा ती म्हणाली, "सर, इथे कापड कमी पडतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिकडे आजारी पडले तर कुठली पट्टी लावायची?"

"पडायचंच नाही," सर म्हणाले.

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण जरा उशिरा.

त्याच आठवड्यात एक म्हातारी धापा टाकत जिना चढून आली. तिची लेक आधीच्या तुकडीत होती. माझ्यासमोर मांडी घालून बसायची, मला ओळखीची.

"सर, लेकीचा फोन येत नाही हो."

"कामात असेल, मावशी."

"एकदा आला होता. इंग्रजीत एकच काहीतरी बोलत होती. वॉश, वॉश, प्लेट, प्लेट. मी म्हटलं, अगं, माझ्याशी तरी आपल्या भाषेत बोल. तर मागून कुणी बाई ओरडली आणि फोन बंद झाला. मला सांगा, आईला फोन करून कुणी ताटं धुतल्याचं सांगतं का?"

सर म्हणाले, "सराव करत असेल. हुशार होती." बायकोने पुढे केलेला चहा म्हातारीने घेतला नाही. ती तशीच जिना उतरून गेली.

वर्ग सुटला. बाकीच्या गेल्या, शिंपीण थांबली.

"सर, माझा पासपोर्ट परत द्या."

सर खुर्चीत मागे रेलले. "इंग्रजीत माग बघू. सराव होईल."

ती माझ्यासमोर बसली. 'हवा' म्हणायला शब्द शोधू लागली. तो डब्यात होता. 'माझा' म्हणायला शोधू लागली. तोही डब्यात होता. माझ्या पोटात तिची बोटं कप्प्याकप्प्यांतून फिरत होती, आणि झाड असताना वारा यायचा तेव्हा व्हायची तशी थरथर मला झाली. शेवटी तिने निळ्यातून 'गिव्ह' काढला, 'पासपोर्ट' लावला, हिरवा 'टू' ठेवला आणि त्याच्यापुढे लाल 'मी', इंग्रजीतला. पासपोर्ट मला द्या. तिला धाकात ठेवायला शिकवलेल्या शब्दांतूनच तिने मागणं उभं केलं.

सरांनी वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. "वा! काय तयार झालीस!" त्यांनी मोबाइल काढून त्या वाक्याचा फोटो घेतला. वर्गाच्या जाहिरातीला चांगला होता.

"सर, मी खरंच मागतेय."

"हो ना, आणि किती अचूक मागितलंस!"

"मग द्या."

"विमानतळावर. सगळ्यांचे एकत्रच असतात."

दारातून बायको म्हणाली, "देऊन टाका ना हो. तिचाच आहे तो."

"तू कपबशा उचल."

तिने कपबशा उचलल्या. शिंपीण तिच्या मागोमाग मोरीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, त्या डब्यातलं एक तरी शिकवा. 'मला घरी जायचंय' एवढंच. मी पाठ करीन."

वहिनीने नळ मोठा सोडला. "मला कुठे इंग्रजी येतं?"

हे खरं नव्हतं. लग्नाआधी ती बाईंच्या शिकवणीला माझ्यासमोरच बसायची आणि तिचं अक्षर सगळ्यांत सुरेख होतं.

शिंपीण गेली. विमानतळावर काय झालं मला माहीत नाही. पेट्यांना तिकडे सामान म्हणून नेतात, साक्षीदार म्हणून नाही. पुढे एक दिवस सरांना फोन आला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून शिंपिणीच्या मॅडम इंग्रजीत सांगत होत्या, फार चांगली बाई पाठवलीत. अजिबात बोलत नाही. सुरुवातीला काही मागायची, आता तेही नाही. अशाच आणखी पाठवा.

सरांनी नव्या बायकांकडे अभिमानाने पाहिलं. नव्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना 'व्हेरी गुड' तेवढं कळलं होतं. वहिनीच्या हातातली किटली कपावर तशीच तिरपी राहिली आणि चहा बशीतून जमिनीवर आला.

दुसऱ्या दिवशी एक धंदेवाईक सुतार आला. सरांना माझ्यासारख्या आणखी पेट्या हव्या होत्या, प्रत्येक गावी एक. सुताराने टेप लावून मापं घेतली, पट्ट्या खालीवर केल्या आणि विचारलं, "साहेब, एवढ्याशा शब्दांत माणसाचं भागतं?"

"भागवतात," सर म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाची लेक, बहीण, भावजय माझ्या या नव्या भावंडांसमोर बसणार असेल, तर एवढंच करा. काय शिकलीस, असं तिला विचारू नका. ती घडाघडा म्हणून दाखवेल आणि तुम्हाला कौतुकच वाटेल. काय शिकवलं नाही, ते विचारा. आणि ती उंबरा ओलांडण्याआधी तिच्याकडून एकदा 'नो' म्हणवून घ्या. पुटपुटून नाही, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

जिना वाजतोय. आजची तुकडी आली. झाकण उघडलं की मला गप्प बसावं लागतं.