टेबलावरचा लाल कपडा

"तुम्ही मारलं माह्या माणसाले, साहेब. समुद्राच्या नावानं बिल फाडू नका."

शामला नागपुरात, सदर भागातल्या पर्यटनाच्या सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर उभी होती. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणायची दानत कोणात नव्हती. सोबत ताराचंद, हिंगण्याच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याच्या, रुपरावच्या, शेजारच्या मशीनवरचा; सहलीलाही सोबत होता. साहेबाच्या मागं भिंतीवर अजून तेच पोस्टर. निळं पाणी, हसणारी बाई, खाली 'सुरक्षित स्नान, नौकाविहार'. हेच पोस्टर कारखान्याच्या गेटावर लागलं, अन् रुपरावनं या ऑफिसच्या कोकण सहलीत नवराबायको दोघांची नावं घातली.

"बाई, दुःख समजतं," साहेब म्हणाला. "पण नागपूरच्या माणसाला समुद्र कळत नाही. नको तिथं उतरले ते."

"नाहीच कळत! कळत असता तर तुमच्या गाडीत कायले बसलो असतो?"

रुपराव पारशिवनीकडचा, पेंच नदीत पोहायला शिकलेला. तिथं पोरापोरांना एकच ठाऊक: फेसाळतं तिथं खाली खडक, उतरायचं ते संथ पाण्यात. समुद्रावरही त्यानं तेच केलं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा गुळगुळीत. चपला शामलाच्या हातात देत तो म्हणाला, "पाह्य वं, इथलं पाणी कसं गरीब हाय. तू बी ये. काठावर काय अंडे उबवून राहिली?"

ती हसली होती. हसत असतानाच तो दूर जायला लागला.

किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून आत परततं, माणसाला ओढून नेतं, हे तिला कोळ्यांनी सांगितलं. प्रेत बाहेर काढल्यावर. तिथं रोज लाल झेंडा असतो, हेही.

"आता, थोडी घेतली असेल तर..." साहेबानं सुरू केलं. या लोकांना मेलेला गरीब नेहमी दारू प्यालेलाच लागतो.

"खबरदार!" ताराचंद ओरडला. "चहा पिऊन उतरला तो. माह्यासमोर."

साहेबानं पाण्याचा गिलास उचलला, तसाच ठेवला. "झेंडा होता. त्यांनी पाहिला नसेल."

"होता नं!" शामला टेबलावर वाकली. "कुठं होता सांगू? त्या दिवशी तुमच्या नव्या मोटरबोटीचं उद्घाटन होतं. पाहुण्याच्या फोटोत लाल झेंडा नको म्हणून उपटला. अन् टेबलाले कपडा नव्हता, तं तोच अंथरला. त्याच्यावर तुमचा नारळ, तुमचे हार. मी बोंबलत आली तवा किनाऱ्याच्या राखणदारानं खस्सकन ओढला तो. नारळ गडगडत गेला. कपड्याच्या कडेले काठी घालाची शिवण होती, माह्या डोयानं पाह्यली. राखणदार रडून राहिला होता. अन् तुम्ही टेबलामागं उभे होते, गळ्यात हार घालून."

साहेब दाराकडं पाहायला लागला. "चौकशी चालू आहे, बाई."

शामलानं पिशवीतून रुपरावच्या चपला काढल्या. त्यांत अजून वाळू होती. साहेबाच्या टेबलाच्या काचेवर ठेवल्या, खुर्ची ओढली, अन् बसली.

"मले तुमची चौकशी नको. एक नाव पायजे. झेंडा काढाले कोणं सांगतलं? बोला, साहेब. कोणं?"