जाजमाची कड

जयपूरच्या त्या थंडगार सभागृहात शिरताच धापूबाई थबकल्या. व्यासपीठाच्या कमानीवर खेजडीच्या, म्हणजे शमीच्या, हिरव्या फांद्या बांधल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर लाल दोरा होता.

चौमूंपलीकडे त्यांच्या गावाची ओरण आहे, देवाच्या नावाने राखलेले रान. तिथल्या प्रत्येक झाडाला एकेका घराचा दोरा असतो. कुऱ्हाड आत जात नाही. हा नियम गावाने सभेच्या जाजमावर बसून केला होता, आणि ओरणीचा निर्णय गावाकडेच राहावा, एवढे सांगायला धापूबाई आल्या होत्या. ग्रामस्वराज्यावरच्या या परिषदेला त्यांना बोलावले होते ते आयोजक संस्थेतल्या मधुवंतीनेच.

सजावटही तिचीच. "सगळं अस्सल दिसलं पाहिजे," असे संस्थेचे संचालक मोरेश्वर सर म्हणाले, आणि तिने मंडपवाल्याला बजावले होते, "प्लास्टिक नको, भैया. यांच्या गावाकडचंच काही आणा." त्याने थेट ओरणीतलेच तोडून आणले.

"हा दोरा माझ्या सुनेचा," धापूबाई आपल्या बोलीत म्हणाल्या.

सर लगबगीने आले, मधुवंतीशी मराठीत कुजबुजले. "त्यांना चहा दे गं. बदल्यात शंभर रोपं देऊ म्हणावं."

तिने खाली मान घालून निरोप सांगितला.

"रोपं शेळ्या खातील, साहेब. आमच्यात झाड तोडणारा जाजमाच्या कडेला बसतो, आपल्या तोंडानं सांगतो. शिक्षा गाव ठरवतं. तुम्ही या."

सर हसले. "मी? गावापुढे?"

त्या हसण्याने मधुवंतीच्या अंगाची लाहीलाही झाली. गावाने स्वतःवर राज्य करावे, यावर हा माणूस आता तासभर बोलणार होता. गावाने घटकाभर त्याला जाब विचारावा, हा मात्र त्याला विनोद वाटत होता. आणि ते भाषण तिनेच लिहिले होते, अक्षर न् अक्षर, सुंदर.

ती खुर्चीवर चढली आणि फांद्यांच्या गाठी सोडू लागली.

"मधुवंती, पाहुणे येतायत."

"येऊ देत, सर. फांद्या मी मागवल्या. जाजमावर मी जाते."

कमान उघडी पडली. आतला लोखंडी सांगाडा दिसू लागला. फांद्या कवेत घेऊन ती धापूबाईंमागोमाग गावच्या जीपपाशी आली. धापूबाईंनी शाबासकी दिली नाही. फांद्या आडव्या ठेवायला त्यांनी फक्त जागा केली.

"बस. पण एकटीचंच नाव सांगू नकोस, बेटी. जाजमावर अर्धं सांगून चालत नाही."