स्वखुशीने

"बाई ते एकच शे ना. मंग इतला कागद कसाले?"

भागाबाई हे कुणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. पण बाकावर तिघं दाटीने बसलेले, त्यामुळे ते सुनेच्या थेट कानात गेलं. सुनेने मांडीवरची फाईल उघडली, पदवीचं प्रमाणपत्र काढून टायपिस्टच्या टेबलावर ठेवलं, त्यावर पासपोर्ट ठेवला आणि वारा होता म्हणून दोन्हींवर पंजा दाबून धरला.

धुळ्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली अभिमन आबा तीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत आले होते. जुन्या यंत्राच्या जागी लॅपटॉप आला तरी बोटं ते अजून यंत्रासारखीच आपटायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेले.

"यावर दिपमाला मगन बोरसे. यावर ज्योत्स्ना हितेंद्र देवरे. दोघी कुठं आहेत?"

"दोघी मीच."

आबा हसले. ती हसली नाही. सकाळपासून तिने हे चौथ्यांदा सांगितलं होतं, आणि चारही वेळा समोरचा माणूस हसला होता.

दिपमाला सहा वर्षं मस्कतला एका शाळेत गणित शिकवत होती. म्हणजे नेमणूक गणितासाठी होती. पुढे बसमधली मुलं मोजणं आलं, पोहण्याच्या तासाला टॉवेल धरून उभं राहणं आलं, आणि गुरुवारी संध्याकाळी प्राचार्यांच्या मुलाला घरी जाऊन बीजगणित शिकवणंही आलं. मार्चमध्ये तिने शाळा सोडते म्हटलं तेव्हा प्राचार्य खुर्चीत मागे रेलून म्हणाले होते, "या कागदांवर तुम्हाला दुसरं कोण घेणार, ज्योत्स्ना मिस?" पहिल्या वेळी एजंटने दोन नावांचं कसंबसं जमवून घेतलं होतं. प्राचार्यांनी ते सहा वर्षं लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या शाळेने घेतलं. एक तास शिकवायला लावला आणि तो संपायच्या आत घेतलं. अकरावी-बारावी, फक्त गणित. मग त्यांचं पत्र आलं: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा या महिनाअखेरीपर्यंत द्यावा, कारण जुन्या शाळेचा व्हिसा तेव्हा संपतो आणि त्याआधी नवा अर्ज गेला पाहिजे. नाहीतर त्या खुर्चीत रेललेल्या माणसापुढे जाऊन हात जोडायचे, किंवा धुळ्याला कायमचं परतायचं. सुट्टीचे राहिलेले दिवस ती रोज सकाळी मोजायची. आज अकरा होते. त्यात हे प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव, मग मुंबईचे शिक्के. मुंबईला जाणारा माणूस संध्याकाळी सहाच्या गाडीने फाईल नेणार होता आणि नोटरी चारला उठायचे. सव्वातीन झाले होते.

आबांची बोटं आपटू लागली. ते टाइप करता करता मोठ्याने वाचायचे.

"मी खाली सही करणार, ज्योत्स्ना हितेंद्र देवरे, वय एकोणचाळीस, धंदा शिक्षिका, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे माहेरचे नाव दिपमाला मगन बोरसे असे होते. लग्नानंतर मी स्वखुशीने..."

"ते काढा."

"काय काढू?"

"स्वखुशीने."

आबांनी हात वर धरले. "ताई, ते राहतंच. बठ्ठास्ना, सगळ्यांच्याच कागदावर राहतं. नोटरी वाचत पण नाहीत."

"मी वाचते ना. सही माझी आहे."

"लिहू दे ना त्यांना," बाकावरून तिचा नवरा हितेंद्र म्हणाला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आणि आज दिवसभर शटर खाली होतं हे तो सकाळपासून न बोलता सांगत होता. "एका शब्दाने काय होतं?"

"तेच म्हणते मी. एका शब्दाने काही होत नसेल तर काढा."

आबांनी शब्द खोडला. खोडल्यावर वाक्याला पाय राहिले नाहीत. "लग्नानंतर मी... नाव बदलले. मग कारण लागेल, ताई. आडनावाचं समजलं. पण पहिलं नाव कशामुळे बदललं?"

दिपमाला नवऱ्याकडे वळली. "कशामुळे?"

"पत्रिकेमुळे. सांगितलं होतं तुला. गुरुजींनी ज अक्षर काढलं होतं."

"तुमचे वडील असताना म्हणायचे, त्यांच्या आत्याचं नाव होतं म्हणून ठेवलं."

"मग दोन्ही असेल."

दिपमालाने मान हलवली. एका गणिताची दोन उत्तरं आणून, दोन्ही बरोबर आहेत म्हणणारी मुलं तिच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन तरी असत. त्यांना ती फळ्याशी बोलवायची आणि म्हणायची, करून दाखव.

"पत्रिका असेल तर जोडून टाकू," आबा म्हणाले. "काम पक्कं."

"पत्रिका सापडणार नाही आता," हितेंद्र उठला. "मी चहा सांगून येतो."

"बसा." तिने आवाज चढवला नाही. मागच्या बाकावरचा गोंगाट याच आवाजात थांबतो हे तिला ठाऊक होतं. हितेंद्र बसला.

लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने हितेंद्रने ते नाव लिहिलं होतं. तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं आणि नंतर तर विचारायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या बायका वाकून बघत होत्या, कुणीतरी म्हणालं, छान आहे हो. तीही छान म्हणाली होती. पुढे मतदार यादीत ज्योत्स्ना, पासपोर्टवर ज्योत्स्ना, डिंपलच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव ज्योत्स्ना. चाळीसगावला बाप तेवढा दिपा म्हणायचा. तो गेल्यावर तेही थांबलं.

"बरं, पत्रिका नाही तर लग्नाच्या वेळचा दुसरा काही पुरावा?" आबा कंटाळले नव्हते. घड्याळ मात्र बघत होते. "त्या वेळी ज्योत्स्ना नाव लागलेलं काहीही. लग्नपत्रिका?"

"तिच्यावर दिपमालाच आहे." आणि मग दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या ओठांचा कोपरा हलला. "भांडी आणू का, आबा? हंडा, कळशी, पाच डबे, ताटं. सगळ्यांवर कोरलेलं आहे, सौ. ज्योत्स्ना हितेंद्र देवरे. मी उंबरा ओलांडून आत गेले तेव्हा मांडणीवर तयार होती. ताटात तांदूळ पसरायच्याही आधी. माझ्या आईला मी फोनवर सांगितलं होतं, बघ, किती हौसेने वाट बघत होते माझी. त्यातला एक डबा मस्कतला..."

ती थांबली.

भागाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, ती अर्धीच राहिली. हितेंद्र चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी प्रिंटर कागद ओढत होता. 

"तांदळाच्या आधी," दिपमाला पुन्हा म्हणाली. या वेळी हळू, जसं उदाहरण फळ्यावर उतरवून घेताना म्हणतात.

"ज्योत्स्ना, साडेतीन वाजले," हितेंद्र म्हणाला. "जुनं काढत बसायची ही जागा आहे का? तुझाच व्हिसा जाईल."

"जाऊ दे."

"काय?"

"जाऊ दे म्हटलं. बसमधली मुलं मोजीन पुन्हा. टॉवेल धरीन. पण कारण लिहिल्याशिवाय सही करणार नाही." तिने प्रमाणपत्र उचललं, फाईलमध्ये घातलं, आणि फाईलच्या नाडीला अशी गाठ दिली की नाडी तुटायची बाकी राहिली. "आबा, किती झाले तुमचे?"

आबांनी आकडा सांगितला नाही. ते भागाबाईंकडे बघत होते.

याच म्हातारीने डिंपलला सातव्या वर्षापासून वाढवलं होतं. दर शुक्रवारी फोन उलटा धरून, अर्ध्या वेळा स्वतःचाच कान दाखवत, ती मस्कतला सांगायची, हाई देख, वेणी किती लांब झायी. विमानतळावर निघताना सुनेच्या बॅगेत तिळाची चटणी कोंबायची आणि म्हणायची, रडू नको, तुन्हं काम कर. गल्लीत कुणी सून बाहेर राहते म्हणून बोललं की भागाबाई त्या घरी हळदीकुंकवाला जात नसत.

त्यांनी पदराची गाठ सोडली. सोडलेला पदर डोक्यावर घेतला.

"आबा, लिखा तुम्ही."

"आई, राहू दे," हितेंद्र म्हणाला.

"चूप ऱ्हाय. चार वाजी जाथीन." त्या सुनेकडे वळल्या नाहीत. टेबलावरच्या लॅपटॉपलाच सांगावं तसं बोलल्या. "तुन्हा आधी एक पोर ठरेल व्हती. साखरपुडा व्हयना. मी हौसखाले भांडा लयनू, नाव टाकी लिधं. महिनाभरमा तिनी नही म्हनी दिधं. मंग तुले देखं, पंधरा दिनमा लगीन."

 फाईलवरचा दिपमालाचा हात तिथेच होता.

आबांची बोटं चालू झाली होती. या वेळी आपटत नव्हती.

"तिन्हं नाव ज्योत्स्ना व्हतं," भागाबाई म्हणाल्या. "भांडासवरनं निंघेना. म्हनीसन तुन्हं बदलं."